घड्याळानं उघडणारी गाडी कुणाचं ऐकते?

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर विजेवर चालणारी एक गाडी लावलेली आहे. मालक मनगटावरच्या घड्याळाला बोट लावतो, थोड्या वेळात इंडिकेटर लुकलुकतात आणि दारं उघडतात. त्याच दुपारी तोच माणूस, तेच घड्याळ आणि तीच गाडी कास पठारावर आहेत. घड्याळाच्या पडद्यावर चक्र फिरत राहतं, दार काही उघडत नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीची विजेची गाडी उभी आहे. तिचा मालक मनगट हँडलजवळ नेतो, दार उघडून आत बसतो आणि निघूनही जातो. रेंज दोघांच्याही फोनला नाही. गाडी घेताना शोरूममध्ये मात्र दोघांनी एकच वाक्य ऐकलेलं असतं: "साहेब, घड्याळानंही उघडते."

दोन्ही गाड्यांच्या बाबतीत ते वाक्य खरंच आहे. पण त्या एका वाक्याखाली दोन निराळ्या यंत्रणा दडलेल्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. एकीत घड्याळ कंपनीच्या सर्व्हरला विनंती करतं. दुसरीत घड्याळ गाडीशी थेट बोलतं. डोंगर, घाट, धरणं आणि महापूर यांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक माहीत असायलाच हवा.

दोन हातांवरच्या गाडीसाठी लांबचा फेरा

पहिल्या गाडीपासून सुरुवात करू. घड्याळातल्या अ‍ॅपवर 'अनलॉक' दाबलं की आज्ञा थेट गाडीकडे जात नाही. गाडी दोन हातांवर उभी असली तरी नाही. बहुतेक घड्याळांत सिम नसतं, म्हणून आज्ञा आधी ब्लूटूथनं खिशातल्या फोनकडे जाते. फोन ती मोबाइलच्या टॉवरकडे पाठवतो. तिथून इंटरनेटच्या वाटेनं ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचते. हे खातं कुणाचं, त्याला कुठली गाडी जोडलेली आहे, हे सर्व्हर तपासतो. मग तो परत मोबाइल नेटवर्कवरूनच गाडीतल्या सिमला निरोप धाडतो.

गाडीतही एक सिम असतं, हे अनेक मालकांना माहीत नसतं. डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या एका डबीत ते असतं. या भागाला टेलिमॅटिक्स युनिट म्हणतात, म्हणजे गाडीची माहिती लांबवर पाठवणारा आणि लांबून आलेले निरोप घेणारा भाग. गाडी बंद असताना बॅटरी वाचावी म्हणून तो जवळजवळ झोपलेला असतो. निरोप आला की जागा होतो, कुलपं सांभाळणाऱ्या संगणकाला कळवतो आणि दार उघडतं. बटण दाबल्यावर काही सेकंद थांबावं लागतं ते या सगळ्या फेऱ्यामुळे.

या वाटेवर रेंज दोन ठिकाणी लागते: तुमच्या फोनला आणि गाडीला. फोनला आहे पण गाडीला नाही, अशी वेळ डोंगरात न जाताही येते. मिरजेत एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात गाडी लावली आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, तर फोनवर सगळे दांडे दिसतात, गाडीचं सिम मात्र बहिरं झालेलं असतं. कास, बामणोली, कोयनेचं पाणलोट, शिराळ्याकडून चांदोलीत जाणारा रस्ता, अशा ठिकाणी तर दोन्हीकडची रेंज येते-जाते.

आपल्याकडच्या विजेच्या गाड्यांत घड्याळाचा प्रवेश याच वाटेनं झाला. टाटा मोटर्सनं मे 2022 मध्ये नेक्सॉन ईव्ही मॅक्स आणली तेव्हा तिच्या झेडकनेक्ट अ‍ॅपला स्मार्टवॉचची जोड दिली. चार्जिंग कितीपर्यंत करायचं त्याची मर्यादा ठरवणं, महिन्याचा अहवाल पाहणं अशा सोयीही त्याच वेळी आल्या. या सोयींचं मोल मला कमी वाटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. दुपारी ऑफिसातून निघण्याआधी पाच मिनिटं गाडीतला एसी चालू करता आला, तर तापलेल्या सीटवर बसायची वेळ येत नाही. विजेच्या गाडीत हे सहज जमतं, कारण एसीसाठी इंजिन चालू ठेवावं लागत नाही. घरी बसून चार्जिंग किती झालं ते पाहणंही याच वाटेनं होतं. लांबून करायच्या कामांना लांबची वाटच लागते.

पण या व्यवस्थेला चावी म्हणणं मला पटत नाही. हा लांबून चालणारा रिमोट आहे. मधला एक दुवा तुटला की तो थांबतो. नोव्हेंबर 2021 मध्ये टेस्ला कंपनीचा सर्व्हर काही तास कोलमडला, तेव्हा वेगवेगळ्या देशांतल्या मालकांना अ‍ॅपमधून आपल्याच गाडीशी संपर्क साधता येईना. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याआधी फेब्रुवारी 2016 मध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञानं निसान लीफ या विजेच्या गाडीच्या अ‍ॅपमधली त्रुटी उघड केली. गाडीचा चॅसी नंबर माहीत असला की जगाच्या पाठीवरून कुणालाही त्या गाडीचा एसी चालू-बंद करता येत होता आणि तिच्या प्रवासांची माहिती पाहता येत होती. सर्व्हर समोरच्याची ओळख नीट तपासतच नव्हता. दारं उघडण्याची सोय त्या अ‍ॅपमध्ये नव्हती, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावलं. निसाननं ते अ‍ॅप बंद ठेवून दुरुस्त केलं.

सांगलीकरांना तर या दुव्यांचा भरवसा किती धरावा, हे वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा वेळी वीज जाते. मग मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या आणि जनरेटरचं डिझेल संपलं की रेंजही जाते. गाडी तातडीनं उंचावर न्यायची वेळ नेमकी तीच असते.

मनगट ते हँडल: चार सेंटिमीटरची वाट

आता दुसरी गाडी. तिच्या मालकानं घड्याळ हँडलजवळ नेलं आणि दार उघडलं. यात सिम नाही, टॉवर नाही, सर्व्हर नाही. जे काही घडलं ते घड्याळ आणि हँडल यांच्यातल्या तीन-चार सेंटिमीटरच्या जागेत.

हँडलच्या आत तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते सेकंदाला 1 कोटी 35 लाख 60 हजार वेळा हेलकावतं. तांत्रिक भाषेत ही 13.56 मेगाहर्ट्झची वारंवारिता. घड्याळातही असंच एक छोटं वेटोळं असतं. ते या क्षेत्रात आलं की त्यात वीज उपजते आणि दोघांत देवाणघेवाण सुरू होते. या पद्धतीला एनएफसी म्हणतात. दुकानात कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देतो, तेव्हा हीच पद्धत काम करत असते. वेटोळ्यापासून जरा लांब गेलं की हे चुंबकीय क्षेत्र फार झपाट्यानं विरतं: अंतर दुप्पट झालं की त्याचा जोर आठपट घटतो. म्हणून घड्याळ अगदी जवळ न्यावं लागतं. घड्याळातलं वेटोळं फोनपेक्षा लहान असतं आणि बहुतेक वेळा पडद्याच्या बाजूला असतं. त्यामुळे मनगट वळवून घड्याळाची तबकडी हँडलकडे करावी लागते आणि क्षणभर तिथे धरावी लागते. नुसता हात फिरवून दार उघडलं नाही की लोक यंत्रणेला दोष देतात. पुष्कळदा चूक घड्याळ धरण्याच्या कोनात असते.

ह्युंदाईनं जानेवारी 2025 मध्ये आणलेल्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये ही सोय आहे. फोन किंवा स्मार्टवॉच चावी म्हणून नोंदवता येतं. दार उघडायला ते हँडलला लावायचं आणि गाडी सुरू करायला आतल्या वायरलेस चार्जिंगच्या जागेवर ठेवायचं. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्यांनाही एनएफसी चावी आहे. या पद्धतीतल्या कार्डाला बॅटरीच लागत नाही. हँडलच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळालेल्या विजेवर त्यातली चिप तेवढ्यापुरती जागी होते, उत्तर देते आणि पुन्हा झोपते.

तिसरा प्रकार ब्लूटूथचा. त्यात मनगट कुठे टेकवावं लागत नाही, जवळ गेलं की गाडी ओळखते. टेस्लानं 2017 मध्ये मॉडेल 3 आणली तेव्हा तिला नेहमीची चावी दिलीच नाही: फोनमधलं ब्लूटूथ हीच चावी आणि अडीअडचणीला पाकिटात ठेवायचं एनएफसी कार्ड. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीनं अ‍ॅपल वॉचसाठी अ‍ॅप काढलं आणि फोन घरी राहिला तरी नुसत्या घड्याळानं गाडी उघडून चालवता येऊ लागली. टेस्ला भारतात आली ती जुलै 2025 मध्ये, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातलं दालन उघडून.

या पद्धतींना रेंज लागते ती एकदाच, चावी घड्याळात पहिल्यांदा घेताना. त्यानंतर कासच्या पठारावर काय किंवा कोयनेच्या काठावर काय, गाडी आणि घड्याळ आपापसांत भागवून घेतात.

गडाचा दरवाजा आणि शिक्का

पण गाडी ओळखते ते कसं? पोवई नाक्यावर शेकडो घड्याळं तिच्याजवळून जातात. ब्लूटूथच्या लहरी हवेत उघड्यावर फिरतात, कुणीही त्या टिपू शकतं. मग मालकाच्या घड्याळाचं बोलणं टिपून चोराला नंतर तेच गाडीला ऐकवता येणार नाही का?

जुन्या रिमोट चाव्यांत नेमकं हेच होत होतं. बटण दाबलं की दर वेळी ठरलेला एकच संकेत जायचा. तो रेकॉर्ड करणाऱ्याच्या हाती गाडीची चावीच पडायची. पुढे दर दाबणीला बदलत जाणारे संकेत आले. आजची डिजिटल चावी त्याच्याही पुढे गेली आहे. तिची रीत समजायला अजिंक्यताऱ्याच्या दरवाजावर जाऊ.

कल्पना करा, रात्र झाली आहे, दरवाजा बंद आहे. आतल्या पहारेकऱ्याला फक्त एका माणसाला आत घ्यायचं आहे. त्या माणसाकडे एक शिक्का आहे आणि पहारेकऱ्याकडे त्या शिक्क्याचा ठसा आहे. बाहेरून हाक आली की पहारेकरी कोऱ्या कागदावर त्या क्षणी मनात येईल ती खूण करतो आणि तो फटीतून बाहेर सरकवतो. बाहेरचा माणूस त्याच कागदावर शिक्का उमटवून परत देतो. पहारेकरी दोन गोष्टी पाहतो: खूण आपलीच, आत्ताचीच आहे का, आणि शिक्का जवळच्या ठशाशी जुळतो का. दोन्ही जुळलं की दरवाजा उघडतो. कुणी कालचा शिक्का मारलेला कागद पळवून आणला तर तो उपयोगाचा नाही, कारण त्यावर कालची खूण आहे.

गाडी पहारेकरी आहे आणि घड्याळ शिक्का बाळगणारा माणूस. गाडी दर वेळी एक नवी, कशीही निवडलेली मोठी संख्या पाठवते. घड्याळ आपल्याजवळच्या गुप्त संख्येनं तिच्यावर गणिती सही करून ती परत पाठवतं. ही गुप्त संख्या तब्बल 78 अंकांपर्यंत लांब असू शकते. गाडीकडे ती संख्या नसतेच. तिच्याशी गणितानं बांधलेली दुसरी, उघड करायला हरकत नसलेली संख्या तेवढी गाडीकडे असते. तिच्यावरून सही खरी की खोटी हे कळतं, पण सही करता येत नाही. मेणावरच्या ठशावरून हुशार कारागीर शिक्क्याची नक्कल करू शकेल. इथे ती करायला आजच्या सगळ्या संगणकांना एकत्र कामाला लावलं तरी जन्म पुरणार नाही. या सुधारणेचं महत्त्व मला फार वाटतं: गाडीचा संगणक उघडून कुणी त्यातली सगळी माहिती उपसली, तरी त्याच्या हाती चावी लागत नाही.

गुप्त संख्या घड्याळात असते, पण अ‍ॅपमध्ये नसते. ती एका वेगळ्या, बंदिस्त चिपमध्ये असते. बँकेच्या कार्डावर दिसणारी सोनेरी चिप याच जातीची. तिच्यातून ती संख्या बाहेर काढण्याची सोयच ठेवलेली नसते. प्रश्न आत जातो, सही बाहेर येते, शिक्का आतच राहतो. घड्याळाच्या पडद्यावरचं अ‍ॅप म्हणजे फक्त खिडकी. दीड-दोन हजारांच्या अनेक स्मार्टवॉचमध्ये अशी चिप नसते, एनएफसीही नसतं. ती फोनवर आलेले निरोप दाखवतात, पावलं मोजतात आणि त्यांच्या किमतीला ती चांगलीच आहेत, पण त्यांना गाडीची चावी होता येत नाही. म्हणून गाडीच्या जाहिरातीत 'स्मार्टवॉच' शब्द दिसला तरी आपलं घड्याळ तिच्या यादीत आहे का, हे आधी विचारावं.

शिक्का खरा, पण माणूस कुठे आहे?

इथपर्यंतची व्यवस्था भक्कम आहे. चोरांनी ती फोडली नाही. त्यांनी तिला वळसा घातला.

पुन्हा गडावर या. शिक्का बाळगणारा माणूस खाली गावात झोपला आहे. दोन लबाड एकत्र येतात. एक दरवाजाशी जाऊन हाक मारतो. फटीतून कागद आला की तो दुसऱ्याकडे देतो. दुसरा वाऱ्याच्या वेगानं खाली पळतो, झोपेतल्या माणसाकडून कागदावर शिक्का उमटवून घेतो आणि वर आणून देतो. खूण आत्ताची आहे, शिक्का अस्सल आहे. पहारेकरी दरवाजा उघडतो. त्याच्या हातून एकही चूक झालेली नाही, फक्त शिक्केवाला दरवाजाशी नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

गाडीच्या बाबतीत हे काम दोन रेडिओ उपकरणं करतात. एक गाडीजवळ, दुसरं घराच्या भिंतीबाहेर, जिथे आत टेबलावर चावी पडलेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये 8 कंपन्यांच्या 10 गाड्यांवर हा प्रयोग केला आणि प्रत्येक गाडी फसली. खिशातून चावी न काढता उघडणाऱ्या आणि बटणानं सुरू होणाऱ्या गाड्या होत्या त्या. 2022 मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा क्षेत्रातल्या कंपनीच्या संशोधकानं ब्लूटूथवर चालणाऱ्या टेस्ला मॉडेल 3 च्या फोनचावीवर तेच करून दाखवलं. त्याच्या उपकरणांमुळे निरोपाला फक्त 8 मिलिसेकंद उशीर होत होता. एवढा उशीर ब्लूटूथला नेहमीचाच, म्हणून गाडीला संशय आला नाही.

ब्लूटूथ अंतर ओळखतं ते सिग्नलच्या जोरावरून: जोरात ऐकू आलं म्हणजे जवळ. पण जोर वाढवणं चोराला अवघड नाही. उलट, खऱ्या मालकाच्या बाबतीत हाच हिशेब चुकतो. आपलं शरीर मुख्यतः पाण्याचं आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात बऱ्याच शोषल्या जातात. घड्याळ डाव्या मनगटात आणि गाडी उजवीकडे असली तर मध्ये आख्खा माणूस येतो, आणि गाडीला घड्याळ आहे त्याहून लांब वाटतं. घड्याळाची चावी कधी लगेच चालते, कधी दोन पावलं पुढे गेल्यावर, ती या कारणानं.

यावरचा पक्का उपाय पहारेकऱ्यानं वेळ मोजणं हाच. कागद सरकवल्यापासून शिक्का उमटून परत यायला किती वेळ लागला? दरवाजाशी उभा असलेला माणूस क्षणात देईल. खाली गावात जाऊन येणारा कितीही चपळ असला तरी उशीर होणारच.

रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगानं जातात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, सेकंदाच्या अब्जाव्या भागात, 30 सेंटिमीटर. घड्याळ गाडीपासून 3 मीटरवर असेल तर लहर 10 नॅनोसेकंदांत पोचते. ते 60 मीटर लांब घरात असेल तर 200 नॅनोसेकंद लागतात. मधली उपकरणं कितीही महागडी असोत, प्रकाशापेक्षा जास्त वेगानं निरोप नेणं कुणालाच शक्य नाही. इतका बारीक काळ मोजायचा तर लहरींचे ठोके अतिशय आखूड, दोनेक नॅनोसेकंदांचे हवेत. असे ठोके पाठवणाऱ्या तंत्राला अल्ट्रावाइडबँड म्हणतात, कारण आखूड ठोका वारंवारितांच्या फार रुंद पट्ट्यावर पसरतो. यानं अंतर सुमारे 10 सेंटिमीटरपर्यंत अचूक कळतं. गाडीच्या चार-पाच जागी असे ग्राहक बसवले की घड्याळ दाराशी आहे, डिकीशी आहे की आत सीटवर, हेही समजतं. दार उघडायला ते बाहेर असलं तरी चालतं, गाडी सुरू करायला मात्र आत असावं लागतं.

मोटार आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार कनेक्टिव्हिटी कन्सॉर्शियम या संघटनेनं 2021 मध्ये आपल्या डिजिटल चावीच्या मानकात हे तंत्र आणलं. बीएमडब्ल्यूची आयएक्स ही विजेची गाडी ते वापरणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी. अ‍ॅपल वॉचमध्ये ही चिप 2020 च्या सिरीज 6 पासून आहे. माझ्या मते हात न लावता उघडणाऱ्या गाड्यांमध्ये भरवशाची म्हणावी अशी पद्धत सध्या हीच आहे. ती नसेल तर मनगट टेकवायला लावणारी एनएफसी चावी बरी. तिच्यातही वळसा घालणं तत्त्वतः शक्य आहे, पण त्यासाठी चोराला तुमच्या मनगटाला जवळजवळ चिकटावं लागेल. नुसत्या ब्लूटूथवर चालणाऱ्या गाडीत 'चालवण्याआधी पिन' अशी सोय असेल तर ती चालू करून ठेवावी.

घड्याळाला फोनपेक्षा एक फायदा आहे. चांगली घड्याळं मनगटाचा स्पर्श ओळखतात. पट्टा सुटला की घड्याळाला कुलूप लागतं आणि पासकोड टाकेपर्यंत चावी चालत नाही. टेबलावर विसरलेली साधी चावी कुणीही उचलून नेऊ शकतो. टेबलावर विसरलेलं घड्याळ त्याच्या काही कामाचं नसतं.

मोठी बॅटरी भरलेली, छोटी संपलेली

विजेच्या गाडीत 'चावी फिरवणं' म्हणजे नेमकं काय, हेही थोडं पाहायला हवं. पेट्रोल गाडीत चावी स्टार्टरला वीज देते आणि इंजिन फिरतं. इथे फिरवायला काही नाही. चावी ओळखली गेली आणि ब्रेकवर पाय आला की मोठ्या बॅटरीचे जाड स्विच जुळतात, सीटखालून 'खट्' असा आवाज येतो आणि पडद्यावर 'रेडी' दिसतं. गाडीला हवी असते ती परवानगी, आणि ती घड्याळातून आली काय किंवा कार्डातून, तिला सारखीच.

पण ही परवानगी तपासणारा संगणक, कुलपं, हँडलमधलं वेटोळं हे सगळं चालतं ते 12 व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर. उभ्या गाडीत तीनशे-चारशे व्होल्टची मोठी बॅटरी सुरक्षेसाठी तोडून ठेवलेली असते. त्यामुळे मोठी बॅटरी 90 टक्के भरलेली असतानाही छोटी उतरली तर घड्याळ, फोन, कार्ड यांपैकी कशालाच गाडी उत्तर देत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, किंवा छोटी बॅटरी तीन-चार वर्षांची जुनी झाली असेल, तर हे ध्यानात ठेवावं. बहुतेक कंपन्यांच्या रिमोट चावीच्या पोटात धातूची एक लहान किल्ली लपवलेली असते आणि चालकाच्या हँडलवर टोपणाखाली तिचं छिद्र असतं. ते कुठे आहे हे भर उन्हात शोधण्यापेक्षा घरच्या अंगणात एकदा पाहून ठेवलेलं बरं.

चौकट: आपल्या घड्याळात चावी आहे की रिमोट?

• नेहमीची रिमोट चावी घरच्या माणसाकडे देऊन त्याला गाडीपासून लांब उभं करा.
• फोन आणि घड्याळ दोन्ही विमान मोडवर टाका. मग ब्लूटूथ आणि एनएफसी तेवढं परत चालू करा.
• गाडीचं दार उघडून पाहा. उघडलं तर फोनमध्ये किंवा घड्याळात खरी चावी आहे. नाही उघडलं तर तो सर्व्हरमार्गे चालणारा रिमोट आहे.
• दार उघडलं तरी गाडी सुरू होऊन जागची हलते का, हे वेगळं तपासा. काही गाड्यांत या दोन परवानग्या वेगळ्या असतात.
• फोन बंद करून नुसत्या घड्याळानं हेच पुन्हा करा. तरीही जमलं तर चावी घड्याळातच आहे.

नवी गाडी घेत असाल तर ही चाचणी शोरूमच्या आवारात, पैसे भरण्याआधी करायला सांगा.

चावी दिली, पण परत घेतली का?

डिजिटल चावीची सर्वात उपयोगी बाजू तिच्या वाटपात आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला, गाडी धुवायला नेणाऱ्या ड्रायव्हरला, कराडहून लग्नाला आलेल्या मेहुण्याला चावी फोनवरून देता येते आणि काम झालं की काढून घेता येते. काही गाड्यांत वेळ ठरवून देता येते. साध्या चावीची डुप्लिकेट कुणी करून ठेवली का, हा प्रश्न इथे उरत नाही.

धोका आहे तो जुन्या गाड्यांच्या व्यवहारात, आणि त्याकडे अजून फार कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एमएच 11 ची गाडी सांगलीत विकली जाते, एमएच 10 ची कराडला येते. आरटीओत कागद होतात, आरसीवर नाव बदलतं, दोन्ही रिमोट चाव्या नव्या मालकाच्या हातात पडतात. पण कंपनीच्या सर्व्हरवर गाडी अजून जुन्या मालकाच्या खात्याला जोडलेली राहू शकते, आणि गाडीच्या आठवणीत त्याच्या घड्याळाचा ठसा तसाच असू शकतो. म्हणजे नव्या मालकाची गाडी कुठे उभी आहे हे जुन्याला दिसतं आणि ती उघडताही येते. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण आपल्या दाराची चावी दुसऱ्याकडे का असावी?

विम्याच्या दृष्टीनंही सांगतो: गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपन्या दोन्ही मूळ चाव्या मागतात. घड्याळावर सगळं भागतं म्हणून रिमोट चाव्या कपाटाच्या कुठल्या तरी खणात टाकून हरवू नका. आणि कार्ड दिलं असेल तर ते रोज पाकिटात राहू द्या, घड्याळाची बॅटरी संध्याकाळी संपली तर त्याचाच आधार असतो.

गाडी विकत असाल तर फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सही करण्याआधी अ‍ॅपमधून गाडी काढून टाका. जुनी घेत असाल तर पैसे देण्याआधी गाडीच्या पडद्यावर नोंदलेल्या सगळ्या डिजिटल चाव्यांची यादी उघडून दाखवायला सांगा, सगळ्या पुसून घ्या, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी आपल्या नावच्या खात्याला जोडून घेतल्यावरच व्यवहार पुरा करा.